गाडीचे दुखणे आणि तालुक्याचा मिस्त्री

मोटारगाडीच्या बाबतीत आपल्या डॉक्टरमंडळींत सरळसरळ दोन पंथ आहेत. साठीकडे झुकलेल्यांचे म्हणणे असे, की गाडी असावी तर जुन्या वळणाची; बिघडली तर गावातला मिस्त्री तासाभरात चालती करून देत असे. नव्याने व्यवसायात आलेल्या मित्रांना हे ऐकून हसू येते. ते विचारतात, मुळात गाडी बिघडावीच कशाला? दोन्ही पंथांचे म्हणणे खरे आहे, आणि तरीही वाद मिटत नाही, कारण दोघेही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. गाडी किती वेळा आजारी पडते हा एक प्रश्न; पडल्यावर किती दिवसांत, कोठे आणि कोणाच्या हातून बरी होते हा दुसरा.

हा भेद आपणा वैद्यकीयांना नवा नाही. पीएसएमच्या तासाला आपण सर्वांनीच एक सूत्र घोकले आहे: प्रिव्हॅलन्स म्हणजे इन्सिडन्स गुणिले आजाराचा कालावधी. तेच सूत्र गाडीला लावून पाहू. उदाहरणादाखल असे धरा, की जुनी गाडी वर्षातून आठ वेळा आजारी पडे आणि दर वेळी अर्धा दिवस उभी राही. म्हणजे वर्षाला चार दिवस. नवी गाडी दोन वर्षांतून एकदाच आजारी पडते, पण पडली की आठ दिवस अंथरूण सोडत नाही. म्हणजे पुन्हा वर्षाला चारच दिवस. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत; पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. पहिला आकडा कारखान्यात ठरतो, दुसरा आपल्या गावात. नागपुरात राहणाऱ्याच्या गाडीचे दुखणे दोन दिवसांत आटोपेल. तीच गाडी, तोच बिघाड, पण पांढुर्णा किंवा सौंसरला आठ दिवस. म्हणजे एकच गाडी नागपुरात जितकी भरवशाची, तितकी आपल्याकडे नाही. या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सारा त्याचा विस्तार.

जुन्या गाडीची प्रकृती

मी पांढुर्ण्यात व्यवसाय सुरू केला तेव्हा, म्हणजे १९९८ च्या सुमारास, डॉक्टरांच्या दारात अॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी दिसे आणि जरा हौशी मंडळींकडे मारुती ८००. पद्मिनी म्हणजे मूळची इटालियन फियाट ११००. शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई आणि सत्तरीच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. माझी पहिली गाडी तीच, अर्थात दुसऱ्या हाताची.

तिचे आजार ठरलेले असत. सकाळी सुरू झाली नाही, की डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासायचे. धक्के देत चालू लागली, की कार्ब्युरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकर मारायची. मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या वाटेवर ती हमखास धापा टाकू लागे. पेट्रोल पंपात वाफ धरली, की त्यावर ओले फडके टाकून दहा मिनिटे झाडाखाली थांबायचे. रेडिएटर झिरपू लागला तर त्यात मूठभर हळद टाकण्याचा गावठी इलाजही चाले. डिकीत फॅनबेल्ट, प्लग, कंडेन्सर, तार, पक्कड आणि पाण्याचा डबा असल्याखेरीज कोणी सावनेरच्या पुढे जात नसे. दोन-तीन हजार किलोमीटरला तेल आणि ग्रीस, आणि नव्या इंजिनांच्या मानाने फार लवकर इंजिन उतरवण्याचा मोठा खर्च.

या सर्व आजारांचे निदान डोळे, कान, नाक आणि हात यांनी होत असे. अनुभवी मिस्त्री इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरे टोक कानाला लावी आणि कोणता व्हॉल्व्ह वाजतो ते सांगे. तो त्याचा स्टेथॉस्कोपच होता. सुटे भाग स्वस्त असत, बाजारात मोकळेपणी मिळत, आणि न मिळाल्यास लेथवर घडवून घेता येत. गाडी वारंवार आजारी पडे, पण तिच्या आजाराला तालुक्याबाहेर जाण्याची गरज नसे.

त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. आपण आज ज्याला ‘दुरुस्तीची सोय’ म्हणतो ती पुष्कळदा दुरुस्तीची सक्ती होती. जी गाडी महिन्यातून एकदा तरी बॉनेट उघडायला लावते तिचा मालक आपोआपच अर्धा मिस्त्री होतो. त्यात गाडीचे कौतुक कसले? मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी दीर्घकाळ टिकली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. अॅम्बॅसॅडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ साली थांबले होते. हळहळ सर्वांना वाटली. परंतु ती गाडी पुन्हा विकत घ्यावी असे फार थोड्यांच्या मनात आले असेल.

संगणक गाडीत का शिरला?

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे ते चिमुकले इंजिन फारसे बिघडत नसे, आणि बिघडले तर कोणालाही उघडता येई. दोन्ही पंथांचे समाधान करणारी अशी गाडी आपल्याकडे तीच. मग तिच्याही कार्ब्युरेटरच्या जागी संगणकावर चालणारे इंजेक्शन का आले? मिस्त्रीचे पोट मारण्यासाठी कंपन्यांनी हे केले, असा समज गॅरेजमध्ये रूढ आहे. खरे कारण वेगळे असून ते माझ्या विषयाशी, म्हणजे बालरोगशास्त्राशी, जवळून निगडित आहे.

इंजिन ठोके देऊ नये म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते शिसे धुरावाटे हवेत आणि मातीत उतरे. मूल रांगते, हात तोंडात घालते, आणि गिळलेल्या शिशापैकी प्रौढांच्या चार-पाच पट शिसे त्याचे आतडे शोषून घेते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून दाखवले, की बाहेरून निरोगी दिसणाऱ्या मुलांतही ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांचा बुद्ध्यंक कमी. भारतात शिसेविरहित पेट्रोल प्रथम १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ साली थांबले.

याच सुमारास धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसे हे त्याचेही विष. शिवाय पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे वजनी प्रमाण सतत काटेकोर राहिले तरच तो नीट काम करतो. कार्ब्युरेटरला एवढी बारीक नजर नसते. म्हणून धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसला, त्याचे ऐकून पेट्रोल मोजणारा संगणक आला आणि त्याचा हुकूम पाळणारे इंजेक्टर आले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि सेन्सरांची संख्या वाढत गेली. तात्पर्य, मिस्त्रीच्या हातून गाडी निसटली ती मुलांच्या मेंदूसाठी आणि फुप्फुसांसाठी. मला तो सौदा मान्य आहे.

सुरक्षिततेबाबतही हेच. जुन्या गाडीचा जाड पत्रा आपल्याला भक्कम वाटे. पण धडकेचा धक्का पत्र्याने गिळला नाही तर तो आतल्या माणसाला सोसावा लागतो. नवी गाडी पुढून चुरगळते ती आतला माणूस चुरगळू नये म्हणून. मात्र केवळ नवी म्हणून गाडी सुरक्षित ठरत नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान गाड्यांच्या धडक-चाचण्या घेतल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ अखेरपर्यंत शेजारच्या आसनासाठीही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्या. नातवाला मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसणारे आजोबा मात्र आजही आपल्या दवाखान्यांसमोर उतरतात. त्याला कोणताही तारा उपयोगाचा नाही.

हत्तीच्या पायाने येणारे दुखणे

दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, ही म्हण नव्या गाडीला तंतोतंत लागू पडते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री बत्तीस आठवड्यांचे, दीड किलोचे एक नवजात बाळ सौंसरहून नागपूरला पाठवणे भाग पडले. श्वास कण्हत होता, व्हेंटिलेटर लागण्याची चिन्हे होती. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, म्हणून नातेवाइकांची चार वर्षांची डिझेल गाडी निघाली. सोबत ऑक्सिजनचा लहान सिलिंडर आणि एक परिचारिका. या गाडीने तोवर एकदाही त्रास दिला नव्हता. सावनेरच्या अलीकडे तिच्यावर पिवळा दिवा लागला आणि वेग चाळिसाच्या वर जाईना. इंजिन वाचवण्यासाठी संगणकाने स्वतःच तिचे बळ कमी केले होते. पाठोपाठ ती बंद पडली.

परिचारिकेने बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावून वरून ब्लँकेट लपेटले. कांगारू पद्धतीचा तो धडा त्या रात्री कामी आला. सौंसरचा मिस्त्री मोटारसायकलवर आपला लहान स्कॅनर घेऊन पोहोचला. त्याने कोड वाचला, सेन्सर शोधला, उंदराने कुरतडलेली वायर पाहिली आणि जोडूनही दिली. तरीही गाडी उठेना, कारण संगणकातील ती नोंद पुसण्यासाठी कंपनीचेच सॉफ्टवेअर लागत होते. अखेर एक जुनी जीप आली आणि बाळ पाऊण तास उशिराने नागपुरात पोहोचले. ते वाचले आणि आता शाळेत जाते. गाडी मात्र दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढून नागपूरला गेली आणि नऊ दिवसांनी परतली. वीतभर वायरीसाठी वायरिंगचा संपूर्ण जुडगा बदलण्यात आला होता.

पुढे भेटला तेव्हा तो मिस्त्री म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, पहिले गाडी बोलत होती अन् आमी आयकत होतो. आता थे फक्त कंपनीच्या मशीनसंगच बोलते.’’

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे निदान आहे. त्याला रोग ओळखता आला होता, उपचारही जमला होता. नव्हता तो फक्त अधिकार. कल्पना करा, की उद्या रक्तदाब मोजण्याचे यंत्र केवळ नागपूरच्या रुग्णालयांतच उघडेल असे कुलूप त्याला घातले, आणि तालुक्याच्या डॉक्टरला रुग्णाच्या हातावर पट्टा बांधूनही आकडा दिसेनासा झाला! यंत्र उत्तम, रोग दुर्मीळ, तरीही रुग्ण वाटेत दगावेल.

कुलपाची किल्ली कोणाकडे?

ही तक्रार केवळ आपल्या तालुक्याची नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने प्रदीर्घ चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारातील गॅरेजना मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागण्यास गेल्या आणि प्रकरण लांबले. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी असे चार वर्ग त्यात आहेत. सुरुवात योग्य दिशेने झाली. पण संकेतस्थळावरील माहितीपुस्तिकेने सौंसरच्या मिस्त्रीच्या हाती स्कॅनर येत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एअरबॅग आणि ब्रेक यांच्या संगणकात कोणीही हात घालावा हे धोक्याचे आहे, आणि चोरी रोखणारी किल्लीची सांकेतिक व्यवस्था सर्वांना खुली करता येणार नाही, हे खरे. पण आपल्याही शास्त्रात धोक्याची औषधे आहेत. त्यांसाठी आपण शिक्षण, परवाना आणि नोंदवही ठेवली. ती फक्त महानगरांत मिळतील असा नियम केला नाही. १९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंते नील्स बोहलिन यांनी तीन टोकांचा सीटबेल्ट तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर सर्व उत्पादकांना वापरू दिले. आज आपण बांधतो तो पट्टा तोच. जीव वाचवणारे ज्ञान मोकळे केल्याने त्या कंपनीचे दिवाळे निघाले नाही.

आपल्याला काय करता येईल?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळून शेकतात. जो ओझे ओढतो त्याची आधी काळजी घ्यावी, हे ज्या मुलखाला सांगावे लागत नाही, त्या मुलखातील डॉक्टरांनी गाडीच्या बाबतीत काही गोष्टी अवश्य पाळाव्यात.

बीएस-६ डिझेल गाडी घरापासून दवाखान्यापर्यंतच्या दोन किलोमीटरसाठी मुळीच योग्य नाही. तिच्या धुराच्या गाळणीत काजळी साठते आणि ती जाळण्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालावी लागते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी तिला महामार्ग दाखवावा. ज्यांचे फिरणे गावापुरतेच, त्यांनी पेट्रोल गाडी घ्यावी. पावसाळ्यात उंदरांचा बंदोबस्त हा गाडीचा लसीकरण कार्यक्रमच समजावा. आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात बसणारा साधा स्कॅनर फार महाग नाही आणि मोबाइलवर कोड दाखवतो. पिवळा दिवा किरकोळ आहे की गंभीर, एवढे तरी त्याने कळते. जुन्या गाडीवर ज्यांचा जीव आहे त्यांनी तिच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात, कारण आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल त्या जुन्या रबरासाठी बनलेले नाही. आणि मागच्या आसनावरही पट्टा बांधावा. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित बसवणे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने बंधनकारक आहे, हे आपण लसीकरणाच्या वेळी पालकांना सांगितले तर ते ऐकतील.

ही झाली प्रत्येकाने घ्यायची काळजी. एक काम मात्र सर्वांनी मिळून करण्यासारखे आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. गंभीर रुग्णाची वाट मात्र आजही बहुतेक वेळा नागपूरकडेच जाते, आणि त्या वाटेवर रात्री धावणाऱ्या गाड्यांची जबाबदारी काही अंशी आपलीही आहे. म्हणून माझी सूचना अशी, की संघटनेने पांढुर्णा आणि सौंसर येथील प्रत्येकी एका होतकरू मिस्त्रीला अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर चालणारा चांगल्या दर्जाचा स्कॅनर घेण्यासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा. बदल्यात त्याने रुग्णवाहिका आणि रुग्ण नेणाऱ्या गाड्यांना रात्रीबेरात्री प्राधान्य द्यावे. सगळी कुलपे त्याने उघडणार नाहीत, पण पुष्कळशी उघडतील. आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षाकाठी एका सर्व्हिसिंगइतकी रक्कम बाजूला काढली तरी हे साधेल. रक्कम किती आणि मिस्त्री कोण, हे येत्या वार्षिक सभेत ठरावे; माझ्या वाट्याची रक्कम मी कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे.